मुळे हरवलेली आमरी

सांगलीच्या हळदबाजारात तीन पिढ्यांपासून पेढी असलेल्या एका घरातील ही हकीकत आहे. घरात आणि बाजारात ज्यांना सर्वजण अण्णा म्हणतात, त्या गृहस्थांचे वय 68. पेढीचा कारभार चिरंजिवांच्या हाती देऊन त्यांना चार वर्षे झाली, तरी सौद्याच्या दिवशी एखादे हळकुंड उचलून मोडून पाहिल्यावाचून त्यांना चैन पडत नाही. नीट वाळलेले हळकुंड मोडताना धातूसारखा खणखणीत आवाज देते. पोटात ओल राहिलेले हळकुंड आवाज न करता वाकते. चाळीसहून अधिक वर्षे त्यांनी ओल ओळखण्याचेच काम केले. अशा माणसाच्या हातून पाण्यानेच एका झाडाची मुळे कुजावीत, ही गोष्ट त्यांच्या मनाला फार लागून राहिली.

झाड सूनबाईंचे होते. माघात त्यांच्या डोहाळजेवणाला बेळगावहून व्याही आले, ते मांडीवर एक कुंडी घेऊन. गाडीच्या धक्क्यांनी फुले गळू नयेत म्हणून साऱ्या वाटेत त्यांनी ती खाली ठेवली नव्हती. कुंडीत पाच रुंद, जाड, गडद हिरवी पाने आणि त्यांतून निघून कमानीसारखा वाकलेला एक दांडा. दांड्यावर नऊ पांढरी फुले, पतंग पंख पसरून ओळीने बसावेत तशी. बाजारात हिला ऑर्किड म्हणतात. सह्याद्रीतील हिच्या भावंडांना मराठीत आमरी हे सुरेख नाव आहे. पण रोपवाटिकेत जाऊन आमरी मागितली तर विक्रेता बहुधा तोंडाकडे पाहत राहील. ही आमरी फॅलेनॉप्सिस जातीची. ब्लूम नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1825 मध्ये हे नाव दिले, आणि त्याचा अर्थच मुळी पतंगासारखी दिसणारी असा आहे.

आठवड्याभराने सूनबाई बाळंतपणासाठी माहेरी निघाल्या. पाया पडून उठताना त्या एवढेच म्हणाल्या, "अण्णा, माझ्या झाडाकडे बघाल ना?"

"तू निश्चिंत जा, बाळ. रोज पाणी घालीन," अण्णा म्हणाले.

चैत्रात व्याही अकस्मात गेले. नात जन्मली ती त्यानंतर तीन आठवड्यांनी. आजोबांनी तिला पाहिले नाही, तिने आजोबांना पाहिले नाही. त्या दिवसापासून व्हरांड्यातल्या कुंडीकडे अण्णा निराळ्या नजरेने पाहू लागले. ती आता लेकीला बापाने दिलेली शेवटची वस्तू होती, आणि ती आपल्या ताब्यात ठेव म्हणून आहे, अशी त्यांची भावना झाली. ठेवीच्या बाबतीत हे घराणे फार काटेकोर. स्नान झाले की तांब्याभर पाणी कुंडीत, हा नेम एक दिवसही चुकला नाही.

वैशाखात सांगलीचा उन्हाळा चढला. फुले एकामागून एक गळाली. त्याचे कोणाला नवल वाटले नाही, कारण दोन-अडीच महिने ती टिकली हेच पुष्कळ होते. पण पुढे पानेही मलूल झाली. ताठ असलेली पाने कातड्यासारखी लिबलिबीत होऊन खाली लोंबू लागली, त्यांवर उभ्या सुरकुत्या पडल्या. उन्हाने झाड तहानले, असा अण्णांनी अर्थ लावला, आणि संध्याकाळीही एक तांब्या घालण्यास प्रारंभ केला. आठ दिवसांत पाने अधिकच लोंबली. तेव्हा दुपारचाही एक तांब्या वाढला.

या अर्थ लावण्यातच सारी चूक होती, आणि ती चूक एकट्या अण्णांची नव्हे. घरोघरी या जातीची झाडे मरतात ती बहुतेक याच चुकीने. तहानलेल्या झाडाचे पान लोंबते आणि मुळे कुजलेल्या झाडाचेही पान तसेच लोंबते. वरून दोन्हींत भेद दिसत नाही. पेढीच्या भाषेत सांगायचे तर दोन्ही खात्यांत शिल्लक सारखीच शून्य दिसते. एकात रक्कम आलीच नाही आणि दुसऱ्यात आलेली रक्कम जमा करून घेणारा कारकूनच उरलेला नाही. मूळ मेले की झाड पाण्यात उभे राहून तहानेने सुकते.

आणि या आमरीचे मूळ मरते तरी का, हे समजण्यासाठी ती रानात कशी राहते ते पाहिले पाहिजे. फॅलेनॉप्सिस मूळची फिलिपाइन्स, इंडोनेशिया या बाजूच्या दमट अरण्यांतली, पण राहणी आपल्या आंबोली-राधानगरीकडच्या आमरींसारखीच. ती जमिनीत उगवत नाही. झाडाच्या फांदीवर, सालीला मुळांनी घट्ट धरून ती बसते. त्या झाडाचा रस मात्र शोषीत नाही, म्हणून तिला बांडगूळ म्हणणे अन्यायाचे होईल. ती केवळ जागेची भाडेकरू. तिची मुळे उघड्या हवेत असतात. मुळांभोवती स्पंजासारखे पांढुरके आवरण असते, त्याला शास्त्रात वेलामेन म्हणतात. पावसाची सर आली की हे आवरण पाहता पाहता पाणी पिऊन घेते आणि आतला हिरवा रंग बाहेर दिसू लागतो. सर ओसरली, वारा सुटला, की मूळ पुन्हा रुपेरी होते. भिजणे आणि सुकणे, सुकणे आणि भिजणे, या आळीपाळीवर तिचे आयुष्य चालते. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. सतत पाण्यात बुडालेले मूळ गुदमरते, आणि गुदमरलेल्या मुळावर बुरशी ताबा मिळविते.

अण्णांच्या कुंडीत तर दुहेरी अडचण होती. दिसायला देखणी अशी ती चिनी मातीची कुंडी खरे म्हणजे वरचे भांडे होते. तिला तळाला छिद्रच नव्हते. आत प्लास्टिकची लहान कुंडी, आणि तिच्या मध्यभागी रोपवाटिकेने लावताना ठेवलेला ओल्या शेवाळाचा घट्ट गोळा. तीन-तीन तांबे पाणी जाणार कोठे? ते तळाशी साचून राहिले होते.

ज्येष्ठाच्या आरंभी एका सकाळी पानावरची धूळ पुसताना अण्णांना झाड हलल्यासारखे वाटले. त्यांनी जरा उचलले, तो सबंध झाड अलगद हातात आले. मागे कुंडीत काही ओढ नव्हती. आणि त्याबरोबर एक वास आला. तो वास त्यांच्या चांगल्या ओळखीचा होता. हळदीच्या शेतात पाणी तुंबले की कंदकूज लागते, तेव्हा उपटलेल्या गड्ड्याला हाच वास येतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी शहरात शिरून उतरले, तेव्हा भिजलेल्या पोत्यांनाही असाच वास येत होता. हरिपूरच्या ज्या पेवांत जमिनीखाली हळद वर्षानुवर्षे कोरडी राही, त्या पेवांची 2005 च्या महापुराने वाताहत केली, तीही त्यांनी पाहिली होती. शेतकऱ्यांना ते स्वतःच सांगत आले होते, की बाबांनो, हळदीला पाणी द्या पण चर आधी काढा. आणि इथे घरातल्या एका कुंडीला चर आहे की नाही हे पाहण्याचे त्यांना सुचले नव्हते. ते तसेच पायरीवर बसून राहिले.

चिरंजीव व्यवहारी. त्यांनी झाड पाहिले आणि म्हणाले, "अण्णा, हे गेले. पुण्याला अगदी असेच मिळते, हजाराच्या आतबाहेर. परवा मी जाणारच आहे, घेऊन येतो. याच कुंडीत ठेवू. तिला कळणारसुद्धा नाही."

अण्णांनी हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. त्यांच्या पत्नीचे म्हणणे असे, की काहीही करा, पण ओल्या बाळंतिणीला, त्यातून नुकतेच वडील गेलेल्या पोरीला, आता हे कळवू नका. तिसऱ्या दिवशी पुण्याहून रोप आले. पाच पाने, पांढरी फुले, कमानदार दांडा. खरोखर फरक ओळखू येत नव्हता. अण्णांनी ते समोर ठेवून बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "माल तोच दिसतो, पण बिल्टी दुसरी आहे. आपल्या कुंडीत हे घालू नकोस."

सकाळच्या फेरीत कृष्णेच्या घाटावर अण्णांचे एक सोबती असतात, वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. ते त्याच दिवशी घरी येऊन गेले. त्यांनी प्रथम पाने बाजूला करून मधला गाभा पाहिला. ही आमरी एकाच शेंड्यातून वाढते. तो शेंडा काळा पडला, मऊ झाला, की पुढचे सारे श्रम बहुधा वाया जातात. मुळे नसली तरी शेंडा ताठ आणि हिरवा असेल तर आशा धरता येते. गाभा शाबूत होता. "मग अजून दिवाळे निघालेले नाही," असे म्हणून सरांनी कात्री मागितली.

मुळे तपासण्याची रीत सोपी आहे. प्रत्येक मूळ दोन बोटांत हलके दाबायचे. जिवंत मूळ टणक लागते. मेलेले पोकळ, चिकट लागते, आणि ओढले की वरचे आवरण मोज्यासारखे निघून आत सुतळीसारखा धागा उरतो. अकरा मुळांपैकी दहा अशीच निघाली. अकराव्याचा बुडाकडचा दोन बोटे लांबीचा तुकडा तेवढा टणक होता. गॅसच्या ज्योतीवर कात्री धरून, थंड करून, सरांनी कुजके सगळे काढले, बुंध्याचा काळा भागही स्वच्छ गर दिसेपर्यंत कापला. सर्वांत खालची दोन पाने बुडाशी कुजली होती, ती गेली. वाकलेला दांडा अजून हिरवा होता. तोही कापला, कारण जमा बंद असताना हा खर्च झाडाला परवडणारा नव्हता. पाहणाऱ्यांच्या मनात झाडाविषयी दया दाटून आली. अण्णांच्या पत्नी तर आत निघून गेल्या. कापलेल्या जागांवर दालचिनीची पूड लावण्याची पद्धत आहे, ती जखम कोरडी करते. मात्र निरोगी मुळाला ती लागू द्यायची नाही, कारण ती त्यालाही सुकविते. अण्णांनी विचारले, "हळद चालेल का?" सर हसून म्हणाले, "तुमच्या घरात नाही कसे म्हणू? चिमूटभर, फक्त कापल्या जागी." एक दिवस झाड तसेच सावलीत, कागदावर, उघडे ठेवले.

आता प्रश्न होता तो असा : मुळे नाहीत म्हणजे झाड पाणी घेऊ शकत नाही, आणि पाने तर हवेत पाणी सोडीतच असतात. जमा वाढविता येत नसेल तर खर्च आवरावा लागतो. भोवतालची हवाच दमट केली की पानांतून पाणी उडणे मंदावते, आणि दमट हवेच्या ओढीने नवे मूळ फुटण्यास मदत होते. मिठाईचा एक मोठा पारदर्शक डबा धुऊन घेतला. तळाशी स्फॅग्नम नावाचे वाळलेले शेवाळ भिजवून, आणि पिळून एकही थेंब गळणार नाही असे करून, पातळ पसरले. त्यावर झाड नुसते टेकविले, पुरले नाही. बुंधा ओलीच्या जवळ, पण ओलीत नव्हे. झाकण किंचित तिरपे. डबा उजेडात, मात्र उन्हाची तिरीपसुद्धा येणार नाही अशा खिडकीत, कारण बंद डब्यात ऊन शिरले तर झाड शिजते. सकाळी दहा मिनिटे झाकण उघडून हवा द्यायची. खत नाही, ज्याला मुळे नाहीत त्याला खताचा क्षार पोळतोच. आणि सगळ्यांत अवघड अट सरांनी शेवटी सांगितली : शेवाळ कोरडे पडल्याशिवाय पाण्याला हात लावायचा नाही.

अण्णांना हे फार जड गेले. स्नानानंतर हात आपसूक तांब्याकडे जाई. मग त्यांनी पुण्याहून आलेले रोप, छिद्रे असलेल्या पारदर्शक कुंडीत, डब्याशेजारी ठेवले आणि त्याच्यावर पाहणे शिकण्यास आरंभ केला. मुळे रुपेरी दिसली आणि कुंडी उचलून हलकी लागली म्हणजे पाणी. हिरवी दिसली म्हणजे थांबणे. उन्हाळ्याच्या शेवटी हे पाचव्या-सहाव्या दिवशी येई, पावसाळ्यात दहा दिवसही लागत. बदली म्हणून आणलेला माल अशा रीतीने नमुना म्हणून उपयोगी पडला.

आषाढ गेला. डब्यात काहीच घडत नव्हते. तीन पानांपैकी खालचे पान पिवळे पडू लागले. अण्णांनी ते काढण्यासाठी कात्री घेतली, पण सरांनी थांबविले : झाड त्या पानातला साठा वरच्या पानांसाठी काढून घेत आहे, ते स्वतः सुकून गळेपर्यंत ठेवा. शेजाऱ्यांपैकी एकाने साखरेचे पाणी सुचविले. ते केले नाही, कारण मुंग्या आणि बुरशी यांखेरीज त्यातून काही निघण्याचा संभव नव्हता. एकदा शेवाळावर बारीक चिलटे झाली. औषध फवारून जीव मारणे या घरात होणार नव्हते. दोन दिवस झाकण काढून शेवाळाचा वरचा थर सुकू दिला, चिलटे आपोआप निघून गेली. ओल कमी होणे हाच तिथेही उपाय ठरला.

याच दिवसांत बेळगावहून फोन येत. नात दिसे, तिचे हातपाय हलविणे दिसे, आणि शेवटी सूनबाई हटकून विचारीत, "अण्णा, झाड कसे आहे?" अण्णा म्हणत, "आहे." हा शब्द खोटा नव्हता, पण पुरताही नव्हता. ज्या माणसाने जन्मभर तोंडी सौदे पाळले, त्याला हा दोन अक्षरी हिशेब दर आठवड्याला लिहिताना काय वाटत असेल, ते ज्याचे त्याने समजावे. फोन ठेवला की ते उठून डब्यापाशी जात.

श्रावणाच्या अखेरीस एका दुपारी जुन्या तुकड्याच्या वरच्या बाजूला, बुंध्याच्या सालीत, मोहरीएवढा हिरवा ठिपका दिसला. अण्णांनी भिंग आणविले. चार दिवसांनी ठिपका वर आला, टोक चकचकीत हिरवे, किंचित तांबूस झाक असलेले. पुढे पंधरा दिवसांत ते बोटाच्या एका पेराएवढे झाले आणि मागे रुपेरी आवरण चढू लागले. भाद्रपदात दुसरे मूळ फुटले. त्यानंतर गाभ्यातून एक नवे पान डोकावले, अंगठ्याच्या नखाएवढे. जुनी दोन पाने मात्र पूर्वीसारखी ताठ झाली नाहीत. त्यांच्यावरच्या सुरकुत्या राहिल्या, आणि त्या राहणारच असे सरांनी सांगितले.

दसरा झाल्यावर सूनबाई नातीला घेऊन आल्या. औक्षण झाले, नातीला सर्वांनी हातोहात घेतले. संध्याकाळी जरा निवांत झाल्यावर त्या व्हरांड्यात गेल्या. तिथे फुले गळून गेलेले एक भरदार रोप होते आणि शेजारी एक डबा. त्या भरदार रोपापाशी थांबल्या.

"ते नव्हे," अण्णा मागून म्हणाले. "ते आम्ही पुण्याहून आणलेले. तुझे हे, डब्यात. मी पाणी घालून घालून त्याची मुळे कुजविली. ज्येष्ठातच कळले होते. तुला सांगितले नाही."

सूनबाई खाली बसल्या. त्यांनी झाकण काढले. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग विचारले, "यातली बाबांनी आणलेली पाने कोणती?"

"ही दोन. मधले लहान आहे ते नंतरचे."

"दोनच राहिली."

"दोनच."

त्यांचे डोळे भरून आले. पदराने ते पुसून त्या म्हणाल्या, "तेव्हाच सांगायला हवे होते, अण्णा. मी रोज फुलांचा विचार करीत होते." त्या स्वरात राग नव्हता असे म्हणता येणार नाही. अण्णांपाशी त्याला उत्तर नव्हते, आणि त्यांनी ते देण्याचा प्रयत्नही केला नाही. आत नात रडली, म्हणून त्या उठून गेल्या. रात्री जेवणे झाली तरी त्या फारशा बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा स्नान करून व्हरांड्यात आले, तेव्हा सूनबाई नातीला खांद्यावर घेऊन डब्याशेजारी उभ्या होत्या. पिळलेल्या शेवाळावर टेकलेले ते दोन सुरकुतलेल्या पानांचे आणि दोन मुळांचे झाड त्या न्याहाळीत होत्या. कोपऱ्यात तांब्या भरून ठेवलेला होता.

"आज पाणी द्यायचे का, अण्णा?"

अण्णांनी डबा हातात घेतला, उजेडात धरून मुळांचा रंग पाहिला, शेवाळाला बोटाची पाठ लावली आणि डबा जागेवर ठेवला.

"आज नको," ते म्हणाले. "गुरुवारी पाहू."